व्रतस्थ गायिका महेलिया जॅक्सन

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी भजनवर्गातर्फे काही लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा संत जनाबाई किंवा मुक्ताबाई यांच्यावर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्यांच्याविषयी आपल्या भगिनींना पुष्कळ ठाऊक आहे. म्हणून सातासमुद्रापलीकडच्या एका भजनगायिकेची ओळख करून द्यावी असे ठरवले. ही बाई अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातली, धर्माने ख्रिस्ती, शाळा चौथीच्या सुमारास सुटलेली, आणि तरुणपणी लोकांची धुणी धुऊन पोट भरणारी. तिचे नाव महेलिया जॅक्सन. गाणे हेच आपले जीवितकार्य, हे तिला कसे उमगले आणि उमगल्यावर तिने ते कसे सांभाळले, एवढेच ह्या लेखात सांगायचे आहे.

ख्रिस्ती भक्तिगीत ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग-ओवीच्या वळणावर ख्रिस्ती भजने रचली, आणि मराठी ख्रिस्ती मंडळी ती टाळ-पेटीवर गात आली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्यापैकी बहुतेकींनी वाचलेली असतील. तेव्हा देव कोणत्याही नावाने हाक मारावा, पण ती हाक आपल्या मातीच्या सुरात असावी, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. महेलियाबाईंच्या जीवनाचा सारा झगडा ह्याच एका गोष्टीसाठी होता.

ह्या गाण्याचा उगम समजल्यावाचून तो झगडा कळणार नाही. आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांना अमेरिकेच्या दक्षिण भागात पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून राबवले गेले. कापसाच्या शेतात राबताना, रात्री झोपड्यांतून जमताना, ही माणसे बायबलातील कथांवर स्वतःची गीते रचून गात. मोशेने आपल्या लोकांना दास्यातून सोडवले, ही कथा त्यांना स्वतःचीच वाटे. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी नष्ट झाली. पुढे १८७१ साली नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे एक गायनपथक निघाले. संस्था कर्जात बुडत होती. ह्या मुलामुलींनी गावोगाव ही गीते गाऊन तिच्यासाठी पैसा उभा केला. १८७३ साली इंग्लंडात राणी व्हिक्टोरियानेही त्यांचे गाणे ऐकले. झोपडीतले गाणे असे जगापुढे आले. मात्र मैफलीत येताना त्याला युरोपीय गायनाचा सभ्य पोशाख चढला. हात न हलवता, अंग न डोलवता, मोजक्या आवाजात गाणे म्हणजे सुसंस्कृतपणा, अशी समजूत शिकलेल्या कृष्णवर्णीय समाजातही रुजली.

महेलियाचा जन्म २६ ऑक्टोबर १९११ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात, मिसिसिपी नदीच्या बांधाजवळच्या एका गरीब वस्तीत झाला. लहानशा घरात तेरा माणसे राहत. वडील बंदरावर काम करीत, हजामतीचा धंदा करीत, आणि चर्चमध्ये उपदेशही करीत. ती पाचएक वर्षांची असताना आई वारली, आणि मावशीने तिला वाढवले. ह्या मावशीचेच नाव तिला ठेवलेले होते. मावशी करड्या शिस्तीची होती. घरकाम चोख झाले पाहिजे, रविवारी चर्च चुकता कामा नये, आणि घरात उनाड गाणी चालणार नाहीत, हा तिचा दंडक.

पण त्या शहरात गाणे कुणी कुठवर अडवणार? तेथे मयताच्या यात्रेतही बँड वाजे. मावशी बाहेर गेली की मावसभावाच्या तबकड्यांवरून बेसी स्मिथ ह्या प्रसिद्ध गायिकेची ‘ब्लूज’ गाणी घरात घुमत. ब्लूज म्हणजे संसारातील दुःखाची, विरहाची, दैन्याची गाणी. फरशी घासता घासता महेलिया तोच आवाज आपल्या गळ्यातून काढून पाही. घराशेजारी एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. तेथे बाजाची पेटी नव्हती, शिकलेला गायकवृंद नव्हता. ढोल, खंजिरी आणि झांजा वाजत, आणि माणसे टाळ्या वाजवीत, पाय आपटीत सर्वांगाने गात. आपल्या दिंडीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे कल्पना येईल. महेलिया स्वतःच्या चर्चमध्ये शांतपणे स्तोत्रे गाई, आणि कान मात्र शेजारच्या मंदिराकडे लावी. पुढे तिच्या गाण्यात ह्या तिन्ही गोष्टी एक झाल्या: स्तोत्राचे शब्द, ढोलाचा ठेका आणि ब्लूजमधली आर्तता.

त्या काळी दक्षिणेतील जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेतील कारखान्यांच्या शहरांकडे जात होते. शिकागो शहरात १९१० साली त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती; १९३० साली ती २ लाख ३४ हजारांच्या घरात गेली. ह्याच लोंढ्यात सोळा वर्षांची महेलिया १९२७ च्या सुमारास आपल्या दुसऱ्या एका मावशीबरोबर शिकागोला आली. तिला परिचारिका व्हायचे होते. नशिबी आले ते धुणे आणि घरकाम. पण पहिल्याच रविवारी मावशी तिला ग्रेटर सेलम बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेली. तेथे तिने गायला सुरुवात केली, आणि त्या चर्चच्या गायनमंडळात तिला जागा मिळाली. पाळकांच्या मुलांबरोबर तिचा एक छोटा गायनसंच तयार झाला. लहान लहान चर्चमधून हा संच गाई, आणि अर्पणाच्या थाळीत जी नाणी पडत ती वाटून घेई.

येथूनच विरोध सुरू झाला. उत्तरेतील मोठ्या, प्रतिष्ठित चर्चना हे गाणे गावंढळ वाटे. टाळ्या वाजवून, अंग डोलवून देवाचे नाव घेणे हा देवाचा अवमान आहे, असे एका पाळकाने भर उपासनेत म्हटले. तेव्हा महेलियाने बायबलातील स्तोत्रसंहितेचाच आधार दिला. टाळ्या वाजवून देवाची स्तुती करावी असे तेथे सांगितलेच आहे.

दुसरा प्रसंग गायनाच्या शिकवणीचा. १९३० नंतरची ती मंदीची वर्षे. साठवलेल्या पैशांतून चार डॉलर काढून महेलिया एका नावाजलेल्या कृष्णवर्णीय गायनशिक्षकाकडे गेली. धुण्याच्या कमाईतले चार डॉलर म्हणजे थोडी रक्कम नव्हे. तिचे गाणे ऐकून शिक्षक म्हणाले की हे ओरडणे आहे, असे गाणे आपल्या समाजाला शोभत नाही, गोऱ्या लोकांना समजेल असे गायला शिकले पाहिजे. ती तेथून निघाली, आणि पुन्हा आयुष्यात कुणाकडे शिकवणीला गेली नाही.

हा प्रसंग वाचून मी बराच वेळ विचार करीत बसले. माझे स्वतःचे गाणे लग्नानंतर बंद पडले, ते वीस वर्षांनी आपल्या मंडळाच्या भजनवर्गात पुन्हा सुरू झाले. घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी सुरुवातीला मला म्हटले होते, “ह्या वयात हा कालवा कशाला?” त्यांचे चुकलेच असे मी म्हणत नाही, आवाज बसलेला होता, ताल सुटत होता. परंतु आवाज सुधारणे निराळे आणि आवाज बदलून दुसऱ्याचा करणे निराळे, हा भेद मला त्या वेळी कुणी सांगितला नव्हता. महेलियाबाई रियाजाला कंटाळणाऱ्या नव्हत्या. त्या जन्मभर गाऊन गाऊनच तयार झाल्या. त्यांनी नाकारले ते शिकणे नव्हे; आपल्या लोकांचा सूर लाजेने टाकून देणे त्यांनी नाकारले.

ह्याच सुमारास त्यांच्या हातून ते व्रत घेतले गेले. त्यांचे आजोबा शिकागोला पाहुणे म्हणून आले होते. नातीने हौसेने आग्रह धरला की आजोबांनी आपले छायाचित्र काढून घ्यावे. भर उन्हाळ्यात म्हातारे गृहस्थ बाहेर पडले, आणि उष्म्याने त्यांना झटका येऊन ते बेशुद्ध झाले. घरच्यांनी नातीला दोष दिला. तिने देवाला साकडे घातले की आजोबा वाचले तर मी नाटक-सिनेमाच्या थिएटरात पाऊल ठेवणार नाही. आजोबा बरे झाले. आपल्याकडे नवस फेडतात आणि मोकळे होतात. महेलियाबाईंनी मात्र ह्या नवसाचा अर्थ वाढवत नेला. माझा गळा देवाच्या गाण्यासाठी आहे, करमणुकीच्या धंद्यासाठी नाही, असा तो पुढे झाला.

व्रत घेणे सोपे. ते भाकरीच्या आड येते तेव्हा कसोटी लागते. १९३६ साली त्यांचे लग्न झाले. पती रसायनशास्त्र शिकलेले होते, पण मंदीच्या दिवसांत त्यांना टपालखात्यात काम करावे लागे. बायकोचा गळा लाखमोलाचा आहे हे त्यांना पुरेपूर कळत होते. म्हणूनच तो चर्चच्या थाळीतील नाण्यांसाठी झिजावा हे त्यांना पटत नव्हते. एकदा दोघांनाही काम नव्हते. ‘मिकाडो’ ह्या संगीतिकेचा जाझ पद्धतीचा प्रयोग बसवला जात होता. पतीच्या आग्रहावरून महेलियाबाई जड मनाने परीक्षेला गेल्या. त्यांची निवड झाली. घरी येऊन पाहतात तो पतीला नोकरी लागलेली! तत्क्षणी त्यांनी ती भूमिका नाकारली. पतीला हे आवडले नाही. तो संसार पुढे टिकला नाही. उतारवयात त्यांनी दुसरा विवाह केला, तोही मोडला. व्रताची किंमत बाहेरच्या जगात मोजावी लागते तशी घरातही मोजावी लागते, हे येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

१९३७ साली डेक्का कंपनीने त्यांची गीते ध्वनिमुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. ब्लूज गा, म्हणजे खपतील, अशी सूचना आली. बाईंनी नकार दिला. त्यांच्याच गावचे जगप्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्या बँडबरोबर गाण्यासाठी बोलावले, तेथेही नकार. ब्लूजचा त्यांना तिटकारा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की ब्लूज गाऊन संपले तरी दुःख जागच्या जागी उरते. देवाच्या गाण्यात मात्र पुढे आशा असते.

मग पोट कसे भरायचे? ह्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या केशभूषेचे काम शिकल्या आणि त्यांनी स्वतःचे दुकान काढले. पुढे फुलांचेही दुकान काढले. आठवडाभर बायकांचे केस करावेत, फुले विकावीत, आणि रविवारी गावे. मयताच्या घरी गाण्याचे बोलावणे येई, त्याच घरची फुलांची मागणीही येई. हाताला काम होते, म्हणूनच गळ्यावर कुणाची सत्ता चालली नाही. स्त्रीच्या स्वावलंबनावर आपण मंडळात इतकी व्याख्याने ऐकतो. त्याचे ह्याहून बोलके उदाहरण क्वचित मिळेल.

ह्या काळात त्यांना एक समानधर्मी भेटले. त्यांचे नाव थॉमस डॉर्सी. हे गृहस्थ पूर्वी ब्लूजचे नावाजलेले पियानोवादक होते. १९३२ साली ते परगावी गाण्यासाठी गेले असता त्यांची पत्नी बाळंतपणात वारली, आणि पाठोपाठ नवजात बाळही गेले. त्या शोकातून त्यांनी देवाला हात धरून घरी ने म्हणून विनवणारे एक गीत रचले. ‘प्रेशस लॉर्ड’ ह्या नावाने ते जगभर गेले. भक्तीचे शब्द आणि ब्लूजचा सूर यांची सांगड घालणाऱ्या ह्या नव्या गीतांना ‘गॉस्पेल’, म्हणजे शुभवर्तमानाची गीते, असे नाव पडले. प्रतिष्ठित चर्चनी प्रथम डॉर्सींनाही दारातून परतवले. तेव्हा ते गीतांचे छापील कागद दहा दहा सेंटना विकत, आणि लोकांनी ते घ्यावेत म्हणून महेलियाबाई रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून ती गाऊन दाखवीत. पुढे काही वर्षे दोघे गावोगावच्या चर्चमधून एकत्र फिरले.

यश आले ते १९४७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. मेम्फिसचे पाळक ब्रूस्टर यांनी रचलेले ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ हे गीत त्यांनी अपोलो कंपनीसाठी गायले, आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. दुकानांतून माल पुरेना. १९५० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांची मैफल झाली. ज्या गाण्याला शिक्षकाने ओरडणे म्हटले होते, ते ऐकायला आता गोरे रसिकही गर्दी करू लागले. युरोपचे दौरे झाले, दूरदर्शनवर कार्यक्रम झाले. १९६१ साली केनेडी अध्यक्ष झाले त्या समारंभात त्या गायल्या. दारू विकली जाते अशा क्लबात गाण्यासाठी मोठमोठ्या रकमा पुढे आल्या. तेथे त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

कीर्तीने कातडीचा रंग मात्र बदलत नाही. १९५६ साली त्यांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तेव्हा धमक्या आल्या, खिडक्यांवर छर्रे झाडले गेले, आणि घरापुढे पोलिसांचा पहारा बसवावा लागला. त्याच वर्षी त्यांची डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी ओळख झाली. माँटगोमेरी शहरात बसगाड्यांत काळ्यांनी मागे बसावे ह्या नियमाविरुद्ध, रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर, तेथील लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला होता. महिनोन्महिने पायी चालत कामावर जाणाऱ्या ह्या लोकांसाठी महेलियाबाई १९५६ च्या डिसेंबरात माँटगोमेरीला जाऊन गायल्या. ज्या घरी त्या उतरल्या होत्या, ते राल्फ ॲबरनॅथी यांचे घर काही आठवड्यांतच बाँबने उडवण्यात आले.

डॉ. किंग हे गांधीजींच्या सत्याग्रहाचे अभ्यासक होते, आणि १९५९ साली ते भारतात येऊन गेले हे आपल्याला ठाऊक आहेच. फार खचून गेले म्हणजे ते रात्री महेलियाबाईंना दूरध्वनी करीत आणि एखादे गीत ऐकवण्यास सांगत. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोकांचा मोर्चा जमला. डॉ. किंग यांच्या भाषणापूर्वी थोडा वेळ महेलियाबाई गायल्या. प्रथम गुलामगिरीच्या काळातील एक जुने गीत, मग एक गॉस्पेल. नंतर डॉ. किंग लिहून आणलेले भाषण करू लागले. मागे बसलेल्या महेलियाबाईंनी त्यांचे स्वप्नाविषयीचे बोलणे पूर्वी ऐकले होते. त्यांनी मोठ्याने सांगितले की मार्टिन, लोकांना त्या स्वप्नाबद्दल सांग. डॉ. किंग यांनी हातातले कागद बाजूला सारले, आणि पुढे जे बोलले ते भाषण आज जगातील शाळांतून शिकवले जाते. कीर्तनात झिलकऱ्याने योग्य वेळी सूर लावावा आणि बुवांना पुढचे पद सुचावे, तसाच हा प्रकार झाला.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे डॉ. किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी अटलांटात महेलियाबाईंनी डॉर्सींचे तेच ‘प्रेशस लॉर्ड’ गायले. एका घरातील बाळंतिणीच्या शोकातून निघालेले गीत एका सबंध समाजाच्या शोकाला पुरे पडले.

१९७१ साली महेलियाबाई भारतात आल्या. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि आपल्या मुंबईतही त्यांचे कार्यक्रम झाले. पंतप्रधान इंदिरा गांधीही त्यांचे गाणे ऐकायला आल्या होत्या. प्रकृती तेव्हाच ढासळली होती. त्याच वर्षी युरोपातील दौरा अर्धवट टाकून त्यांना घरी परतावे लागले, आणि २७ जानेवारी १९७२ रोजी साठाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. शिकागोत हजारो लोक त्यांच्या अंत्यदर्शनासाठी रांगा लावून उभे होते. तेथील अंत्यविधीत तरुण गायिका अरेथा फ्रँकलिन हिने पुन्हा तेच गीत गायले.

भगिनींनो, आपले जीवितकार्य एखाद्या शुभ दिवशी साक्षात्कार होऊन कळते, अशी आपली कल्पना असते. महेलियाबाईंचे चरित्र निराळे सांगते. गाणे तर त्यांच्यापाशी लहानपणापासूनच होते. ते आपले कार्य आहे हे त्यांना कळत गेले ते प्रत्येक नकाराच्या वेळी: शिक्षकाला दिलेल्या, पतीला दिलेल्या, कंपनीला दिलेल्या. प्रत्येक वेळी काहीतरी हातचे गेले, आणि जे उरले तेच आपले खरे, हे अधिक स्पष्ट होत गेले. त्यांच्या श्रद्धेने त्यांना गळा दिला असे मी म्हणणार नाही. गळ्याचे काय करायचे नाही, हे त्या श्रद्धेने त्यांना सांगितले.

आपल्यापैकी प्रत्येकीपाशी असे काहीतरी असते. कुणाची शिवण, कुणाचे शिकवणे, कुणाची रुग्णसेवा, कुणाचा गळा. ते जगापुढे यावे असा नेम नाही. पण “हे सोड, ते धर, त्यात पैसा आहे, त्यात मान आहे,” असे कुणी सांगू लागले, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारावे आणि मगच उत्तर द्यावे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकायला मिळतात. भाषा कळली नाही तरी हरकत नाही. भजनवर्गाच्या भगिनींनी एखाद्या गुरुवारी सर्वांनी मिळून त्यांचे एक गीत ऐकावे, आणि त्यानंतर आपल्या चालीत आपला एक अभंग मोकळ्या आवाजात म्हणावा, एवढीच विनंती करून हा लेख संपवते.